होनोलुलू ते गुआम : अंतर एक, प्रवास तीन

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एक वरवर अगदी सोपा वाटणारा प्रश्न घेऊ. दोन बेटांवरच्या दोन विमानतळांमधलं अंतर किती, आणि विमानाला किती वेळ लागतो?

इंटरनेटवर टाइप केलं की दोन सेकंदांत उत्तर येतं. एवढे किलोमीटर, इतके तास. विषय संपला. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षात एक सवय लावून घ्यावी लागते. कुठलाही आकडा समोर आला की विचारायचं : हा आकडा नक्की कशाचा आहे? कुणी मोजला, कुठून कुठपर्यंत मोजला, आणि कुठल्या काळात? ही सवय कशी लावायची हे मी आज एका खऱ्या उदाहरणावरून दाखवणार आहे. उदाहरण पॅसिफिक महासागरातलं आहे : हवाईतलं होनोलुलू आणि पश्चिमेकडचं गुआम.

आधी साधं गणित

होनोलुलू विमानतळ साधारण २१.३° उत्तर अक्षांशावर आणि १५७.९° पश्चिम रेखांशावर आहे. गुआम साधारण १३.५° उत्तर आणि १४४.८° पूर्व. इथेच पहिला सापळा आहे. एक रेखांश पश्चिम, दुसरा पूर्व. सरळ बेरीज केली तर फरक ३०२.७° येतो, म्हणजे आपण पृथ्वीला उलटा वळसा घालून चाललो. खरा फरक ३६० वजा ३०२.७, म्हणजे ५७.३°. पॅसिफिकवरचा डेटा घेऊन कोड लिहिणाऱ्याने १८०° रेखांशापाशी नेहमी थांबून एकदा तपासावं.

पृथ्वी गोल धरली, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घेतली आणि गोलीय त्रिकोणमितीचं सूत्र लावलं तर दोन्ही ठिकाणांमधला कोन जवळजवळ ५५° येतो, आणि अंतर सुमारे ६,११० किलोमीटर. हे बृहद्वृत्तावरचं अंतर, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून जाणारी सगळ्यात छोटी वाट. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे हे धरलं तर आकडा थोडा बदलतो, पण ‘सुमारे ६,१०० किलोमीटर’ म्हणायला हरकत नाही.

हेच अंतर सागरी मैलांत सुमारे ३,३०० आणि साध्या मैलांत सुमारे ३,८००. जुन्या कागदांत नुसतं ‘माइल्स’ लिहिलेलं असतं आणि कुठला मैल ते लिहिलेलं नसतं. दोन्हींत जवळजवळ १५ टक्क्यांचा फरक आहे. एककच कळलं नसेल तर पुढचं सगळं विश्लेषण वाळूवर उभं राहतं.

आता प्रवासाचा वेळ. आजचं जेट विमान साधारण ताशी ८५० किलोमीटर जातं. भागाकार केला तर सव्वासात तासांच्या आसपास उत्तर येतं, आणि थेट विमानाला लागतोही साधारण तेवढाच वेळ : पूर्वेकडे येताना सात तासांच्या थोडं पुढे, पश्चिमेकडे जाताना आठच्या आसपास. मग यात इतिहास कुठे आला?

इतिहास आला तो असा. याच दोन बेटांमध्ये १९३० च्या दशकात तीन दिवस लागत. आणि आजही एक विमान असं आहे जे याच दोन बेटांमध्ये थेट विमानाच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेतं. अंतर वाढलंही नाही, कमीही झालं नाही. मग वेळ कशाने बदलली?

पहिला प्रवास : मिडवे आणि वेकमार्गे

२२ नोव्हेंबर १९३५ ला पॅन अमेरिकन कंपनीची ‘चायना क्लिपर’ ही फ्लाइंग बोट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून उडाली. विमान मार्टिन एम-१३० जातीचं, कप्तान एडविन म्यूझिक, नॅव्हिगेटर फ्रेड नूनन. विमानात प्रवासी नव्हते, एक लाखाहून जास्त टपाल होतं. होनोलुलू, मिडवे, वेक, गुआम असे मुक्काम करत ते २९ नोव्हेंबरला मनिलाला उतरलं. एकूण अंतर ८,२१० मैल, प्रत्यक्ष हवेतला वेळ ५९ तास ४८ मिनिटं.

या आकड्यांवर थोडं थांबू. ८,२१० मैलांना ५९.८ तासांनी भागलं तर सरासरी वेग ताशी १३७ मैल, म्हणजे सुमारे २२० किलोमीटर. आता कॅलेंडर बघा. २२ तारखेची दुपार ते २९ तारखेची दुपार, म्हणजे सात दिवस. पण मनिलाचं घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या १६ तास पुढे. ते वजा केले की खरा गेलेला वेळ साधारण सहा दिवस आठ तास, म्हणजे जवळपास १५२ तास. त्यातले ६० तास हवेत आणि उरलेले ९० हून अधिक तास पाण्यावर नांगरून.

म्हणजे ‘प्रवासाला किती वेळ लागला’ या एका प्रश्नाची तीन खरी उत्तरं झाली : साठ तास, सहा दिवस आणि सात दिवस. तिन्ही बरोबर, कारण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. संदर्भ लिहिताना यातलं कुठलं घेतलं हे सांगितलं नाही तर वाचणारा फसतो.

आता यातला आपला तुकडा, होनोलुलू ते गुआम. तीनही टप्प्यांचं बृहद्वृत्तावरचं अंतर मी याच सूत्राने काढलं :

होनोलुलू ते मिडवे : सुमारे २,१०५ किलोमीटर
मिडवे ते वेक : सुमारे १,९०० किलोमीटर
वेक ते गुआम : सुमारे २,४१५ किलोमीटर
एकूण : सुमारे ६,४२० किलोमीटर

थेट अंतर ६,११० होतं. म्हणजे वळसा फक्त पाच टक्क्यांचा! ताशी २२० च्या हिशोबाने हवेतला वेळ २९ तासांच्या आसपास. पण प्रवाशाला तीन दिवस आणि दोन रात्री लागत, कारण रोज एकच टप्पा, तोही शक्यतो उजेडात. पाण्यावर उतरणारं विमान अंधारात लगूनमध्ये उतरवणं धोक्याचं. शिवाय इंधन भरायचं, इंजिनं तपासायची, माणसांना झोप हवी.

आणि बेट सापडायला हवं! वेक हे प्रवाळांचं छोटं कंकणद्वीप. जमीन सगळी मिळून जेमतेम सात चौरस किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून काही मीटर. मिडवेहून १,९०० किलोमीटर येताना दिशेत फक्त एक अंशाची चूक झाली तर विमान बेटापासून ३३ किलोमीटर बाजूने निघून जाईल. म्हणून ताऱ्यांवरून स्थान काढणारा नॅव्हिगेटर आणि रेडिओवरून दिशा सांगणारी जमिनीवरची केंद्रं, दोन्ही लागत. पॅन अमेरिकनचे रेडिओ अभियंते ह्यूगो ल्यूटेरिट्झ यांनी लांब पल्ल्याच्या दिशाशोधक यंत्रणेवर जे काम केलं, त्याशिवाय हा मार्ग चाललाच नसता. १९३५ मध्येच ‘नॉर्थ हेवन’ नावाचं जहाज सामान, यंत्रं आणि माणसं घेऊन मिडवे आणि वेकला गेलं. वेकला तर गोडं पाणीही नव्हतं. लगूनमधले प्रवाळांचे सुळके सुरुंग लावून फोडले, तेव्हा कुठे विमानाला उतरायला जागा झाली. प्रवासी सेवा ऑक्टोबर १९३६ मध्ये सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्को ते मनिला एका बाजूचं भाडं ७९९ डॉलर, त्या काळाच्या मानाने अफाट.

पण मिडवे आणि वेकच का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे भूगोल संपतो आणि राजकारण सुरू होतं.

नकाशा उघडा. होनोलुलू आणि गुआमच्या मध्ये, थोडं दक्षिणेला, बेटांची रांगच आहे : मार्शल बेटं, कोसराए, पोनपेई, चूक (हो, नाव खरंच असंच आहे). होनोलुलूपासून मार्शल बेटांपर्यंत लांब उडी मारावी लागते हे खरं, पण तिथून पुढे गुआमपर्यंत एकही टप्पा फारसा १,००० किलोमीटरच्या वर नाही. मग कंपनीने गोडं पाणीही नसलेलं वेक का निवडलं?

कारण ती सगळी बेटं पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या आदेशपत्रानुसार जपानच्या ताब्यात होती. तिथे अमेरिकी विमानाला कोण उतरू देणार? उलट मिडवे १८६७ पासून, हवाई आणि गुआम १८९८ पासून आणि वेक १८९९ पासून अमेरिकेकडे. ठिपके जोडा, मार्ग तयार! शिवाय वाट अगदी नवीही नव्हती. १९०३ मध्ये पूर्ण झालेली पॅसिफिकची तारेची केबल सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू, मिडवे, गुआम, मनिला अशीच गेली होती. विमानाने तारेचाच माग धरला, मध्ये फक्त वेकची भर पडली.

सॅन फ्रान्सिस्को ते मनिला हा पूर्ण पल्ला घेतला तर हे आणखी स्पष्ट दिसतं. बृहद्वृत्तावर हे अंतर सुमारे ११,२०० किलोमीटर आहे. क्लिपर १३,२०० किलोमीटर उडाली. गोलावरची छोटी वाट उत्तरेकडून जाते. १९३१ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी अलास्कामार्गे जपान आणि चीनपर्यंत उडून तीही पाहिली होती. पण तिथलं हवामान वाईट, आणि वाटेत सोव्हिएत भूमीवर उतरायच्या परवानगीचा प्रश्न. शेवटी दोन हजार किलोमीटर जास्त उडणं स्वस्त पडलं. म्हणजे जुन्या विमानमार्गाचं अंतर हे नुसतं भूमितीचं उत्तर नसतं. त्या रेषेत सत्तेचा नकाशा दडलेला असतो.

तारखेचा घोळ आणि एक कटू दिवस

मिडवे आणि वेकच्या मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. पश्चिमेकडे जाताना ती ओलांडली की एक तारीख गळते, पूर्वेकडे येताना तीच तारीख पुन्हा जगायला मिळते. आज गुआमचं घड्याळ होनोलुलूच्या २० तास पुढे आहे. समजा गुआमहून सोमवारी सकाळी सातला निघालात आणि सात तास उडालात, तर होनोलुलूला पोहोचता रविवारी संध्याकाळी सहाला. गंमत वाटते, पण इतिहास लिहिताना ही गंमत राहत नाही.

पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा. वेक आणि गुआमवरचे हल्ले ८ डिसेंबरचे. तारखा नुसत्या वाचल्या तर वाटतं जपानने दुसऱ्या दिवशी हल्ला केला. प्रत्यक्षात मध्ये गेले फक्त काही तास. त्या सकाळी ‘फिलिपीन क्लिपर’ वेकहून गुआमकडे नुकतीच उडाली होती. पर्ल हार्बरची बातमी आली म्हणून ती परत फिरली. दुपारच्या सुमारास वेकवर बॉम्ब पडले. विमानाला गोळ्यांची भोकं पडली, पण ते उडण्याजोगं होतं. त्यात प्रवासी आणि कंपनीचे गोरे कर्मचारी चढले आणि विमान निघून गेलं. गुआमहून कामाला आणलेले चामोरो कर्मचारी मागे राहिले. त्यांच्यातले काही त्या हल्ल्यात मेले होते. १० डिसेंबरला गुआम आणि २३ डिसेंबरला वेक जपानच्या हाती गेलं.

क्लिपरबद्दलच्या लेखांत पांढरे टेबलक्लॉथ, सूट घातलेले प्रवासी, चकचकीत पोस्टर भरपूर दिसतात. ज्यांनी मालवाहतूक केली, जेवण वाढलं, विमान दोरीने ओढून धक्क्याला लावलं, त्यांची नावं शोधावी लागतात. तुम्ही विज्ञानातून आलात म्हणून हा प्रश्न आपला नाही असं समजू नका. डेटा कुणी गोळा केला आणि कोण त्यातून गळलं, हा प्रश्न प्रत्येक शाखेत आहे.

वेळेबद्दल आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आज हवाईचं घड्याळ ग्रिनिचच्या १० तास मागे आहे. पण १९४७ पर्यंत ते साडेदहा तास मागे होतं. पर्ल हार्बरवर हल्ला सुरू झाला तेव्हा तिथे सकाळचे ७ वाजून ५५ मिनिटं झाली होती आणि वॉशिंग्टनमध्ये दुपारचे १ वाजून २५. आजच्या प्रमाणवेळेने हिशोब केला तर वॉशिंग्टनचे १२ वाजून ५५ येतात, म्हणजे अर्ध्या तासाची तफावत. जुन्या वेळापत्रकावरून उड्डाणाचा वेळ काढणारा इथे हमखास घसरतो. आपल्याकडेही तेच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आली तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षं चालू होता. जुन्या मुंबईच्या नोंदी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

दुसरा प्रवास : बेटाबेटांवर थांबत

युद्धानंतर चित्र उलटलं. जपानची ती सगळी बेटं १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली अमेरिकेकडे आली. युद्धाने ठिकठिकाणी धावपट्ट्या मागे ठेवल्या होत्या, त्यामुळे फ्लाइंग बोटींची गरज संपली. मे १९६८ मध्ये ‘एअर मायक्रोनेशिया’ने बोइंग ७२७ घेऊन या बेटांवरून सेवा सुरू केली. काही धावपट्ट्या प्रवाळाच्या चुऱ्याच्या होत्या. खडे उडून विमानाच्या पोटाला लागू नयेत म्हणून खालून खास लेप दिला होता.

त्याच सेवेचा वारसा आज युनायटेड कंपनीचं ‘आयलंड हॉपर’ चालवतं : होनोलुलू, माजुरो, क्वाजालीन, कोसराए, पोनपेई, चूक, गुआम. टप्पे माझ्या गणिताने असे :

होनोलुलू ते माजुरो : सुमारे ३,६७० किलोमीटर
माजुरो ते क्वाजालीन : सुमारे ४३० किलोमीटर
क्वाजालीन ते कोसराए : सुमारे ६४५ किलोमीटर
कोसराए ते पोनपेई : सुमारे ५५५ किलोमीटर
पोनपेई ते चूक : सुमारे ७०५ किलोमीटर
चूक ते गुआम : सुमारे १,०२० किलोमीटर
एकूण : सुमारे ७,०२५ किलोमीटर

थेट अंतरापेक्षा पंधरा टक्के जास्त. वेळ मात्र १४ ते १६ तास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण पाच वेळा उतरायचं, पाच वेळा चढायचं. जमिनीवर प्रत्येक ठिकाणी पाऊण तास धरा. उड्डाण आणि उतरणं यात विमान पूर्ण वेगाने जात नाही, त्यामुळे ४३० किलोमीटरला ताशी ८५० चा भागाकार लागूच पडत नाही. क्वाजालीन तर अमेरिकी सैन्याचा तळ. परवानगी नसेल तर तिथे प्रवाशाला खाली उतरताच येत नाही.

मग कुणी विचारेल, थेट विमान असताना हे कशाला? होनोलुलू आणि गुआमच्या प्रवाशासाठी ते वेळखाऊ आहे, हे खरं. पण कोसराएच्या माणसासाठी गुआमपर्यंतचं अंतर हा प्रश्नच नाही. त्याच्यासाठी प्रश्न आहे की आठवड्यात विमान किती वेळा उतरतं. मोठ्या हॉस्पिटलला जायचं असेल, औषधं यायची असतील, मुलाला कॉलेजला पाठवायचं असेल, तर वाट हीच. अंतर सांगणारी वेबसाइट दोन टोकं जोडते. मधल्या बेटांना त्या रेषेत जागाच नसते.

वारा विसरू नका

प्रवासाच्या वेळेत एक घटक कायम लपून बसतो. क्लिपर कमी उंचीवर उडायची. त्या अक्षांशांत खालच्या थरात पूर्वीय व्यापारी वारे असतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना ते पाठीशी. आजचं जेट दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जातं. तिथे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमी वारे जोरात असतात, म्हणून पश्चिमेकडे जाताना तेच समोरून येतात. वाट तीच, दिशा तीच, पण उंची बदलली आणि मदत करणारा वारा अडवणारा झाला. दोन काळांतल्या वेळांची तुलना करताना नुसता इंजिनचा वेग बघून भागत नाही ते यासाठी.

यातून घ्यायचं काय?

स्वतःच्या विषयात हे कसं वापराल, ते थोडक्यात.

पहिलं, आकडा वापरण्याआधी त्याची व्याख्या लिहून काढा. हवेतला वेळ, गेटपासून गेटपर्यंतचा वेळ आणि कॅलेंडरचे दिवस या तीन वेगळ्या राशी आहेत. तुमच्या विषयातही अशा जुळ्या राशी असणारच.

दुसरं, जमेल तेवढं स्वतः मोजा. वरची सगळी अंतरं कागद, कॅल्क्युलेटर आणि अक्षांश-रेखांशांवरून तासाभरात निघतात. आपण काढलेला आकडा छापील आकड्याशी जुळला की त्यावर विश्वास बसतो. नाही जुळला तर तिथूनच संशोधन सुरू होतं.

तिसरं, जुनी नावं माहीत करून घ्या. पोनपेई जुन्या कागदांत ‘पोनापे’ आहे, कोसराए ‘कुसाई’, आणि चूक ‘ट्रुक’. आजच्या नावाने शोधलंत तर अर्धं साहित्य हाती लागणारच नाही.

चौथं, प्रमाणवेळ आणि तारीख त्या काळाची लावा, आजची नाही.

आणि पाचवं, सरासरी आणि टोकं यांच्यामध्ये कोण आहे ते बघा. होनोलुलू ते गुआम ही सरळ रेषा ६,११० किलोमीटरची आहे आणि ती बरोबरच आहे. पण १९३५ मध्ये त्या रेषेवरून उडता येत नव्हतं, १९४१ मध्ये त्या वाटेवर काही माणसं मागे सोडली गेली, आणि आजही त्या वाटेवरची पाच बेटं एका विमानाची वाट बघतात. तुमच्या थिसिसमधल्या प्रत्येक नीटनेटक्या रेषेच्या खाली असं काय आहे, हे एकदा तरी शोधा. गाइडने विचारायच्या आधी.